सोवळ्यातल्या माणसाला हाक

मी बंगळूरला टिकले ती अण्णांमुळे, हे आधी सांगून टाकते. काय घडलं ते नंतर. अण्णा माझ्या नात्यातले नव्हेत. आमच्या मशीनच्या खोलीत त्यांना सगळेच अण्णा म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. आणि मल्लेश्वरममधल्या ज्या घरात मी राहायचे तेही त्यांचंच, म्हणजे खरं तर त्यांच्या आईचं. त्यांना सगळी गल्ली अम्मा म्हणायची. घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत कानडी असं मिसळलेलं असायचं की पहिल्या आठवड्यात मी नुसती मान हलवायचे. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर ही माणसं इकडे आली आणि परत म्हणून गेली नाहीत. अम्मांनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. अण्णांनीही नाही.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावची शाळा तिथेच संपायची. पुढच्या शाळेला नावेतून नदी ओलांडून जावं लागे. आईने काही दिवस पाठवलं, मग पूर आला म्हणून बंद केलं, आणि पूर ओसरल्यावर पुन्हा सुरू करायचं कोणी नावच काढलं नाही. मामांचा कऱ्हाडला टायपिंगचा क्लास होता, तिथे मात्र शिकले. इंग्रजी वाचलेलं निम्मं कळायचं, पण बोटं चुकायची नाहीत. मोठा भाऊ बंगळूरला विमानांच्या कारखान्यात होता. एका संशोधन संस्थेत परदेशाहून मोठं मशीन आलंय आणि त्याच्यासमोर बसून टाइप करायला माणसं हवीत, असं त्याच्या कानावर आलं. त्याने मला बोलावून घेतलं आणि मी तात्पुरती लागले. साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. कॉम्प्युटर हा शब्द मी कऱ्हाडला पत्रात लिहिला तर मामांनी उलट टपाली विचारलं, हा कुठल्या कंपनीचा टाइपरायटर.

वर्षभरात भावाची कानपूरला बदली झाली. जाताना तो म्हणाला, "कायम झालीस तर राहा. नाही झालीस तर सरळ गावी जा, आत्याने तुझ्यासाठी माणूस बघून ठेवलाय." त्या माणसाचं गुऱ्हाळ होतं. माणूस वाईट नसावा, गूळही चांगला असेल. पण मला त्या थंडगार खोलीचा लळा लागला होता. मशीनला गार हवा लागायची, त्यामुळे ऐन एप्रिलमध्येही आम्ही स्वेटर घालून बसायचो आणि बाहेर पडलं की घामाघूम व्हायचो.

एकटी मुलगी कुठे राहणार, हा प्रश्न अण्णांनी एका वाक्यात सोडवला. "आमच्या घरी माडीवरची खोली रिकामी आहे, तंगी. अम्माला सोबत होईल." तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला वाटलं ते मला टांगेवाली म्हणताहेत की काय. अर्थ कळला तेव्हा मी खाली बघून स्वेटरची बटणं लावत बसले.

अम्मांच्या घरातली पहिली सकाळ मला अजून आठवते. आमच्या घरी पूजा म्हणजे वडील आंघोळ करून दोन फुलं वाहायचे आणि तेवढ्यात गड्याला हाकही मारायचे. इथे अम्मा ओलेत्याने वाळवलेलं लुगडं नेसून देवघरात बसल्या की संपलं. सोवळ्यात असताना बोलायचं नाही, शिवायचं नाही, उठायचं नाही. मला काही ठाऊक नव्हतं. बंबात लाकूड घालू का, एवढंच विचारायचं होतं. मी दाराशी उभी राहून म्हटलं, "अम्मा?" आतून "हूं" आलं. ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा, "अम्मा?" पुन्हा "हूं". माझा स्वभाव असा की उत्तर मिळालं नाही की माझंच काहीतरी चुकलं असं वाटायला लागतं. मी हाका मारतच राहिले. पूजा आटोपून अम्मा बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय ग, घरात साप निघाला?"

"नाही. बंबात लाकूड घालू का विचारायचं होतं."

"एवढ्यासाठी भजन लावलंस. एकदा हाक मारलीस, मी हूं केलं, झालं. माझ्या ध्यानात राहिलं. माझं आवरलं की येते. स्वल्प थांबायला शीक." मग जरा मवाळ होऊन, "मात्र आग लागली तर सोवळं-बिवळं बघू नको. आत ये आणि हाताला धरून ओढ मला. तेव्हा मी हूं करत नाही बसणार."

अण्णा ओसरीवर कॉफी पीत होते. म्हणाले, "तंगी, हे मात्र लक्षात ठेव. ओढलीस तर आग खरीच लागलेली असू दे."

आता मशीनकडे वळते. त्याच्या पोटात एका वेळी दोनतीन जणांची कामं चालायची. एकाचं काम टेप फिरायची वाट बघत थांबलं की दुसऱ्याचं पुढे सरकायचं. ही पाळी कोणाला द्यायची, टेप कोणाला, छपाई कोणाला, हे ठरवणारा एक मुख्य प्रोग्राम सदैव आत बसलेला असे. अण्णांनी तो दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिला होता. इंग्रजीत त्याचं लांबलचक नाव होतं. आम्ही त्याला मेस्त्री म्हणायचो, कारण बांधकामावरचा मेस्त्री करतो तेच तो करायचा: तू वाळू आण, तू थांब, तुझी घमेली त्याला दे.

माझं काम मेस्त्रीशी बोलायचं. समोरच्या टाइपरायटरवर मी टाइप केलं की ते मेस्त्रीला कळायचं, आणि त्याला सांगायचं असेल ते तोच टाइपरायटर आपोआप खडखडत छापायचा. सुरुवातीला कळा कोणी न दाबता उठायला लागल्या की मी खुर्ची मागे सरकवायचे. चालू असलेल्या एखाद्या कामाला निरोप द्यायचा असेल तर तो मेस्त्रीमार्फतच जायचा. मेस्त्री निरोप त्या कामाच्या खणात टाकून ठेवी, आणि त्या कामाची पाळी आली की आधी खण बघायला लावी. तोवर निरोप खणात पडून. निरोप दोन तऱ्हेचे. एक थांबण्याचा. तो मिळाला की कामाने आपला पसारा आवरून, लागेल ते टेपवर लिहून ठेवून मग थांबायचं. दुसरा काढून टाकण्याचा. त्यात कामाला विचारणं नाही, आवरणं नाही. मेस्त्री त्याला होतं तसं उचलून बाहेर फेकी. हा दुसरा निरोप टाइप करताना माझा हात नेहमी गार पडायचा, आणि ते काही त्या खोलीच्या गारव्यामुळे नव्हे.

आमच्या खोलीत एक रीत पडली होती. कुठलाही निरोप दोनदा टाइप करायचा. आधीच्या लहान मशीनची कळ कधी कधी अडकायची, म्हणून दोनदा म्हटलं की एक तरी पोचतो. नव्या मशीनवर कळा अडकत नव्हत्या, पण रीत राहिली. मलाही तशीच शिकवली. ट्रंक कॉलवर आपण "हॅलो, हॅलो" दोनदा म्हणतोच की.

मग पुण्याचे एक संशोधक आले. विमानाच्या पंखावरून वारा कसा वाहतो याचं गणित त्यांना करायचं होतं. गणित इतकं लांब की मशीन दिवसचे दिवस त्यांनाच द्यावं लागलं असतं, आणि तेवढं कोणी देणार नव्हतं. म्हणून ठरलं असं की रोज दुपारी थांबण्याचा निरोप द्यायचा, कामाने तोवरचे आकडे टेपवर उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे सुरू करायचं. त्यांच्या प्रोग्राममध्ये तशी सोय होती. आमच्या प्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, "हे काम तुमच्याकडे. हे नीट पार पडलं की तुमच्या कायम होण्याचं बघू. मॅट्रिक झालेल्या एका मुलीचा अर्जही आलेला आहे, कल्पना असू द्या." मला कल्पना होती. त्या रात्री जेवणात अम्मांनी विचारलं, आमटीत मीठ कमी आहे का. मी नाही म्हटलं. त्यांनी मीठ घातलंच नव्हतं, आणि मी पूर्ण वाटी संपवली होती.

पहिल्या दिवशी दुपारी मी थांबण्याचा निरोप टाइप केला. दोनदा. थोड्या वेळाने काम थांबल्याचं छापून आलं. सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे सुरू केलं आणि छापलेले कागद बघून पुण्याचे संशोधक माझ्या टेबलाशी आले.

"बाई, या पंखाच्या पुढच्या निम्म्या भागावर वाराच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे शून्य. पुढे शून्य, मागे सोसाट्याचा. असं विमान तुम्ही कधी बघितलंय?"

मी कुठलंच विमान जवळून बघितलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं.

प्रमुखांनी सगळ्यांना उभं केलं. मी काय टाइप केलं ते सांगितलं. दोनदा केलं हेही सांगितलं. अण्णा म्हणाले, "कळलं." त्या कामाची आवरण्याची पद्धत अशी होती की आकडे टेपवर उतरवले की ती जागा पुसून टाकायची. पहिला निरोप मिळाल्यावर त्याने निम्मे आकडे उतरवले आणि पुसले. तेवढ्यात टेपची वाट बघत ते थांबलं, परत पाळी आली, मेस्त्रीने खण बघायला लावला, तर आत दुसरा निरोप. कामाला वाटलं, नव्याने थांबायचंय. त्याने टेप मागे नेऊन पहिल्यापासून आवरायला घेतलं. पण पहिले आकडे तर पुसून झालेले. त्यांच्या जागी शून्यं उतरली.

"म्हणजे ऑपरेटरने दोनदा टाइप केलं म्हणून," प्रमुख म्हणाले.

मला तेव्हा डोळ्यांसमोर गुऱ्हाळ दिसलं. अगदी चिपाडासकट.

अण्णा म्हणाले, "नाही सर. मेस्त्रीचं चुकलं. म्हणजे माझं. माणूस दोनदा हाक मारतो यात चूक कसली? दुसऱ्या हाकेला कसं वागायचं ते मी ऐकणाऱ्याला शिकवलंच नाही."

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "मग शिकवा. सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून चालवू. ते कसं होतं त्यावर ठरवू." ठरवू म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

खोलीबाहेर आल्यावर मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही कशाला अंगावर घेतलंत? मी एकदाच टाइप करत जाईन, मग काही बदलायलाच नको."

"तू करशील ग. उद्या तुझ्या जागी दुसरी कोणी बसेल, ती घाबरेल. घाबरलेलं माणूस पुन्हा हाक मारणारच. त्यावर ओरडून काय उपयोग? मेस्त्रीलाच ते सोसता आलं पाहिजे."

घाबरण्यासाठी कोणी अशी जागा करून ठेवतं हे मला नवीन होतं. घरी, शाळेत, भावाकडे सगळ्यांनी मला सांगितलं होतं ते हेच, की घाबरू नकोस.

रविवारी सकाळी अम्मा पूजेला बसल्या होत्या आणि अण्णा ओसरीवर कागद पसरून बसले होते. फुलवाली आली. "अम्मा," तिने हाक मारली. आतून "हूं". फुलवालीला घाई, ती हाकांवर हाका मारत सुटली. मी उठून पुढे झाले, फुलं घेते म्हटलं. फुलं तिने दिली, पण हलेना. मुलीच्या बारशाचं आमंत्रण होतं, ते तिला अम्मांनाच द्यायचं होतं. शेवटी अम्मा बाहेर आल्या.

"किती ओरडतेस ग?"

"दहादा हाक मारली, अम्मा."

"म्हणून दहादा बाहेर येऊ? दहा हाकांना एकदाच यायचं असतं. बोल, काय ते."

फुलवाली हसली, अम्मा हसल्या, आणि अण्णा त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायला लागले. अम्मांनी वळून विचारलं, "तुला काय झालं?" ते म्हणाले, "मेस्त्रीला सोवळं नेसवायचं राहिलं होतं, अम्मा." अम्मांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही हा बिघाड माझ्या मशीनमुळे झाला आहे.

कॉफीबरोबर अण्णांनी मला सगळं समजावलं. खरं तर मला कशाला समजवायला हवं होतं, पण त्यांना कोणाला तरी सांगायचं असायचं आणि मी समोर असायचे. आवरायला बसलेलं काम म्हणजे सोवळ्यात बसलेलं माणूस. तेवढ्यात आणखी निरोप आले तर मेस्त्रीने ते बाहेर अडवायचे आणि 'हाक आली आहे' एवढीच खूण ठेवायची. किती आल्या हे मोजायचं नाही. आवरून झालं की मग ती खूण दाखवायची.

"आणि फुलं मी घेतली ते?" मी विचारलं.

"ते तर आणखी छान. नुसती फुलं द्यायची असतात तेव्हा हाक घराला असते. जो मोकळा असेल त्याने जावं. आमंत्रण अम्माचं, ते अम्मालाच. त्या वाऱ्याच्या कामाचेही आत दोन धागे आहेत, एक गणित करतो, एक टेपवर लिहितो. निरोप घराचा असेल तर सोवळ्यात नसलेल्या धाग्याला द्यायचा. कोणा एकाच्या नावाचा असेल तर त्याचं आवरेपर्यंत थांबायचं."

"आणि आग लागली तर?"

"तेव्हा सोवळं नाही. काढून टाकण्याचा निरोप कोणी अडवायचा नाही, स्वतः ते कामसुद्धा नाही. सरी?"

"सरी," मी म्हटलं. 'ठीक' म्हणायचा हा कानडी शब्द पहिल्यांदाच माझ्या तोंडून आपोआप आला होता.

सोमवारी अण्णांनी नवा मेस्त्री मशीनमध्ये भरला आणि वाऱ्याचं काम पहिल्यापासून सुरू झालं. दोनतीन दिवस बिनघोर गेले. मग एका दुपारी वीजवाल्यांचा फोन आला: धरणात पाणी कमी, चारच्या सुमाराला वीज बंद करणार. अण्णा नेमके दुसऱ्या इमारतीत बैठकीला गेलेले. पुण्याचे संशोधक धावत आले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

मी थांबण्याचा निरोप टाइप केला. एकदा. हात काढून मांडीवर ठेवले.

काहीच झालं नाही.

"गेला का निरोप?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"मग थांबत का नाही?"

"टेपशी अडकलं असेल. पाळी आली की बघेल."

त्यांनी घड्याळ बघितलं. "पुन्हा टाइप करा."

"नको. पोचलाय तो."

"बाई, चार वाजत आलेत. तुम्हाला खात्री आहे?"

मला कसली खात्री असणार? आत्याचा माणूस, कऱ्हाडची गाडी, सगळं एकदम दिसत होतं. मी मांडीवरचे हात उचलत नाही असं बघून त्यांनीच खांद्यावरून हात घातला आणि तोच निरोप धडाधड टाइप करत सुटले. तेवढा मोठा शिकलेला माणूस, पण त्याची बोटं माझ्या पहिल्या सकाळच्या हाकांसारखी चालली होती. मला त्यांचा राग आला नाही. उलट जरा बरंच वाटलं.

तरी टाइपरायटर गप्प.

"मग काढूनच टाका ते," ते म्हणाले. "निदान मशीन तरी नीट बंद करता येईल."

"काढलं तर आजचं सगळं जाईल. ते आवरायला बसलंय, साहेब. सोवळ्यात आहे."

"काय आहे?"

"सोवळ्यात. स्वल्प थांबा."

मी तोवर कोणा साहेबाला थांबा म्हटलं नव्हतं. ते इतके चकित झाले की खरंच थांबले. टेपची चाकं पुढे सरकली, थबकली, परत सरकली. मी त्या चाकांकडे बघत मनात "हूं" म्हणत होते, का ते सांगता येणार नाही. मग टाइपरायटर खडखडला. काम थांबलं, आकडे उतरवले, एवढी एकच ओळ. पाठोपाठ अण्णांनी शिकवलेली दुसरी ओळ आली, की मधल्या काळात आणखी हाक आली होती, ती आता निकामी. मी मशीन बंद करायच्या कळा ओळीने दाबल्या, आणि शेवटची दाबून होते न होते तोच दिवे गेले.

दुसऱ्या दिवशी पंखावर सगळीकडे वारा होता. संशोधकांनी कागद आडवे-उभे करून बघितले आणि मला विचारलं, "मी काल किती वेळा टाइप केलं हो ते?"

"मी मोजलं नाही," मी म्हटलं. "मेस्त्रीनेही नाही."

पुढे ते आमच्या प्रमुखांना काय म्हणाले ते मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की त्या मॅट्रिक झालेल्या मुलीलाही घेतलं, माझ्या शेजारच्या खुर्चीवर, आणि तिला शिकवायचं काम मला दिलं. मी कायम झाले. भावाला पत्र टाकलं, आत्याला त्याने कळवलं, आणि गुऱ्हाळवाल्याला दुसरी मुलगी मिळाली. त्याने लग्नाच्या वेळी आमच्या घरी गुळाची ढेप पाठवली होती म्हणे, आणि गूळ खरोखर चांगला होता.

नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी सांगितलं, निरोप एकदा टाइप कर. भीती वाटली तर दोनदा कर, काही बिघडत नाही. हे दुसरं वाक्य माझं नव्हतं, अण्णांचं होतं.

अम्मा शेवटपर्यंत मला विचारायच्या, "तुझ्या गावची नदी किती रुंद आहे ग?" मी सांगायचे, पावसाळ्यात पलीकडचं माणूस ओळखू येत नाही. त्या म्हणायच्या, एकदा बघायचीय. न्यायचं राहून गेलं. अण्णा आता खूप थकलेत, गुडघे साथ देत नाहीत, पण आवाज तसाच आहे आणि मला अजून तंगीच म्हणतात. परवा फोनवर म्हणाले, तुमच्याकडे दोन नद्या मिळतात ना, ते कसं दिसतं?

सांगून कळायचं नाही, अण्णा. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याची फेड माझ्याच्याने कशी व्हायची, पण एवढं नक्की करीन. पाऊस सरला की गाडी घेऊन मल्लेश्वरमला येते, तुमच्या गुडघ्यांना सोसेल तेवढ्या वेगाने आपण जाऊ, आणि कऱ्हाडच्या संगमावर तुम्हाला खुर्ची टाकून बसवीन, हवं तितका वेळ. अम्मांच्या वाटचंही बघून घ्या.